आमच्या घरमालकांचा उलटा टी

वाक्याचा अर्थ म्हणजे नेमकं काय, हे पक्कं ठाऊक असलेला माणूस सगळ्या जगात एकच असावा. तो वसईजवळ निर्मळला विहिरीशेजारच्या घरात राहतो आणि त्याचं बोलणं कुणालाही कळत नाही. हा माणूस माझा घरमालक. मी त्यांना सर म्हणतो, गाव मास्तर म्हणतं, आणि काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, नुसतं 'अहो' म्हणतात. त्या 'अहो'त हाक कमी आणि ताकीद जास्त असते. सरांनी सगळी उमर मुंबईच्या एका कॉलेजात संगणक शिकवण्यात घालवली, पण घरात संगणक नाही. मोबाइल आहे, तो काकूंचा. संगणक चालवणं हा त्यांचा विषयच नव्हता. संगणकाला ज्या भाषांतून हुकूम सोडतात, त्या भाषांमधल्या वाक्यांचा अर्थ गणिताने कसा बांधून ठेवायचा, हा त्यांचा विषय. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी जोरजोरात मान हलवली. आठवीत शाळा सुटलेला माणूस न कळलेल्या गोष्टीला जास्त जोरात मान हलवतो. सरांना ते लगेच कळलं. पुढे मला समजलं की त्यांचे विद्यार्थीही तशीच हलवत.

मी मूळचा बुलढाण्याकडचा. वसई पूर्वेच्या एका गाळ्यात मशीनवर कामाला लागलो, तेव्हा आचोळ्यात एका खोलीत आम्ही आठ जण राहायचो. आठांपैकी सात जण बिनधास्त झोपायचे. मी आठवा. मला सारखं वाटायचं, उद्या कुणीतरी येऊन म्हणेल, 'तू कोण? जा आपल्या गावाला.' म्हणून मी माझी बॅग कधी उघडून लावलीच नाही. लागेल तो शर्ट काढायचा, धुऊन वाळला की परत आत घडी. आई फोनवर विचारायची, "जमलं का रे बाप्पा तुह्यं तिकडं?" मी म्हणायचो, "जमलं जमलं," आणि पायाने बॅग खाटेखाली आहे का ते चाचपून बघायचो. अशात एका रविवारी निर्मळच्या स्टॉपवर एक पुठ्ठा दिसला. त्यावर खडूने लिहिलं होतं: 'आधी: खोली रिकामी आहे. नंतर: खोलीत माणूस आहे. मधलं बोलून ठरवू.' खाली पत्ता. माझ्याआधी म्हणे चार जण हा पुठ्ठा वाचून हसून पुढे गेले होते. मला हसण्याइतकी फुरसत नव्हती. मी गेलो.

सरांनी मला विहिरीजवळ बसवलं आणि नाव-गाव विचारायच्या आधी विचारलं, "समज, मी तुला म्हटलं, बादलीभर पाणी काढून आण. ह्या वाक्याचा अर्थ काय?"

मी उठलोच. खोली मिळण्यासाठी पाणी काढावं लागतं, असा माझा समज झाला.

"बस, बस. अर्थ सांग. ह्यात तीन पंथ आहेत. पहिले म्हणतात, एकेक पाऊल सांगा. उठला, रहाटाशी गेला, दोर सोडला, ओढला. तेवढी पावलं हाच अर्थ. दुसरे म्हणतात, तू कसं ओढलंस याच्याशी आम्हाला देणंघेणं नाही. रिकामी बादली आत गेली, भरलेली बाहेर आली, हे जे नातं, तो अर्थ. तिसरे म्हणतात, काढण्याआधी काय खरं असायला हवं आणि काढल्यावर काय खरं असेल, एवढं लिहून द्या. समजलं?"

"सर, तुम्ही कुठल्यातले?" मी भीत भीत विचारलं. असा प्रश्न विचारावा की नाही, हेही कळत नव्हतं.

"कॉलेजात दुसऱ्यातला," ते म्हणाले. "घरी तिसऱ्यातला. घरात तिसरंच चालतं."

आतून काकूंचा आवाज आला, "आणि पाणी अजून आलेलं नाही!"

मी पाणी काढलं. खोली मिळाली. अकरा महिन्यांचा करार झाला, सगळे करतात तसा, आणि मी त्या दिवसापासून अकराव्या महिन्याची भीती बाळगायला सुरुवात केली.

घरातली तिसऱ्या पंथाची सत्ता म्हणजे काय, ते मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. पंपाच्या बटणावर पाटी होती: 'आधी: टाकी भरलेली नाही, विहिरीत पाणी आहे, बाई आंघोळीला गेलेली नाही. नंतर: टाकी भरलेली आहे किंवा वीज गेलेली आहे.' फाटकावर होती: 'आधी: कुत्रा आत आहे. नंतरही: कुत्रा आत आहे.' कुत्रा मरून दोन वर्षं झाली होती. ती पाटी काढायला सर तयार नव्हते. ते म्हणायचे, आधीचंच खोटं असेल तर नंतरचं काहीही लिहिलं तरी चालतं, गणितात त्याला चूक म्हणत नाहीत. काकूंनी मात्र स्वयंपाकघराच्या दारात एकही पाटी लावू दिली नव्हती. एकदा सरांनी विचारलं, आमटी 'झाली' म्हणजे नेमकं काय झालं? काकू म्हणाल्या, "आधी तुम्ही बाहेर, नंतर पण तुम्ही बाहेर." सर बराच वेळ ओट्याकडे कौतुकाने बघत उभे राहिले आणि मग खरंच बाहेर गेले.

अर्नाळ्याहून एक मावशी दारावर मासळी घेऊन येतात. त्यांच्याशी सरांचं वर्षानुवर्षं एकच भांडण. सर विचारणार, "ताजं म्हणजे काय? व्याख्या सांग." मावशी पाटी खाली ठेवून पदराने वारा घेत म्हणायच्या, "ताजा म्हंजे ताजा. डोला बघ ना त्याचा, तुज्यापेक्षा जास्त चमकतो." सर म्हणायचे, ही परीक्षा झाली, अर्थ नव्हे. शेवटी एक दिवस मावशी वैतागल्या. "ऐक मास्तर, हा पापलेट सकाली पान्यात होता. आता पाटीत हाय. मधी कोनी काय केला ते इचारू नको. घ्यायचा तर घे."

सर मटकन ओटीवर बसले. मला वाटलं चक्कर आली. "ऐकलंस?" ते माझा दंड धरून म्हणाले. "ऐकलंस तू? आधी पाण्यात, नंतर पाटीत, मधलं विचारू नको! मुलांना हे शिकवायला मला दोन महिने लागायचे." त्या दिवशी त्यांनी भाव न करता पापलेट घेतला. मावशींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "म्हातारा बरा हाय ना रे?"

वाडीत केळींना पाणी घालायचं काम मात्र सर कुणाला देत नसत. चौदा ओळी, आणि हातात पाइप. त्यांचा एक नियम होता: भिजलेल्या केळी कायम डाव्या हाताला, कोरड्या कायम उजव्या हाताला. पुढची केळ आली तरी हे खरं, त्याच्या पुढची आली तरी खरं. "काम पुढे सरकतं, पण ही गोष्ट बदलत नाही," ते म्हणायचे. "न बदलणारी गोष्ट सापडली की समजावं, काम कळलं." मी एकदा मागून जाऊन विचारलं, "सर, चहा?" ते हो म्हणायला गर्रकन वळले. झालं! भिजलेल्या उजवीकडे आल्या, कोरड्या डावीकडे. सरांचा चेहरा पडला. मी म्हटलं, "परत वळा ना सर." ते म्हणाले, "मधे एक क्षण ते खोटं झालं. आता कशावर विश्वास ठेवू?" आणि त्यांनी पहिल्या ओळीपासून पुन्हा पाणी घातलं. त्या आठवड्यात केळी इतक्या खूश होत्या की काय सांगू. तेव्हापासून चहाला मी समोरून जाऊन बोलावतो.

सरांच्या सदऱ्याच्या खिशात कायम खडू असतो, आणि एक चिन्ह त्यांचं फार लाडकं आहे. इंग्रजीतला टी उलटा केला की जसा दिसेल तसं. त्याला ते तळ म्हणतात. जे कधी संपतच नाही, ज्यातून उत्तर म्हणून काही बाहेर पडत नाही, त्याचा गणितात अर्थ हा, उलटा टी. वर्षानुवर्षं खणलेल्या रस्त्याच्या फलकावर त्यांनी तो काढला आहे. लग्नातल्या मिरवणुकीच्या टेम्पोवर काढला आहे. मुलीच्या एव्हरशाईन सिटीतल्या फ्लॅटवर दोन दिवस राहायला गेले असताना तिथल्या सोसायटीच्या मीटिंगला जाऊन बसले. पार्किंगवरून लिफ्टवर, लिफ्टवरून कबुतरांवर विषय गेला. दीड तासाने सर उभे राहिले. अध्यक्षांना वाटलं, जाणते गृहस्थ आहेत, काहीतरी तोडगा सांगतील. सर म्हणाले, "ही मीटिंग संपेल कशावरून? फेरी संपायची तर प्रत्येक फेरीला काहीतरी कमी व्हायला हवं. इथे प्रत्येक फेरीला एक विषय वाढतो आहे." मग फळ्यावर उलटा टी काढून ते खाली उतरले. मुलीने फोनवर काकूंना सांगितलं, "आई, बाबांना घेऊन जा." काकू म्हणाल्या, "मी चाळीस वर्षं घेऊन बसलेय, तू दोन दिवस ठेव."

अशा माणसाच्या हाती मी माझी नोकरी दिली. झालं असं की आमच्या शेठनी गाळ्यात नवं मशीन आणलं. हुकूम टाइप करायचे आणि ते आपलं आपण लोखंड कापतं, असलं. ते हुकूम लिहिणारा सेटर सोडून गेला. शेठनी माझ्याकडे बोट केलं. "तू त्याच्या बाजूला उभा राहायचास ना? पहिला जॉब तू लिही. जमलं तर सेटर करतो. मशीन ठोकलंस तर त्याच दिवशी गावाची गाडी." मला तीन दिवस जेवण गेलं नाही. काकूंनी सरांना सांगितलं, सरांनी मला बोलावलं, आणि माझ्या वहीतल्या त्या ओळी बघून त्यांचे डोळे भरून आले, जणू कुणी त्यांना नातवंडाचा फोटो दाखवला असावा. "अरे, ही भाषा आहे!" ते म्हणाले. "बारीकशी, पण भाषा आहे!"

पुढचे तीन रविवार आम्ही विहिरीच्या फरशीवर खडूने लिहीत होतो. माझा हुकूम वीस ओळींचा. प्रत्येक दोन ओळींच्या मधे सर लिहायला लावायचे, आता इथे काय खरं आहे? कटर कुठे आहे? किती वर आहे? फिरतोय का? मला कुणी आयुष्यात इतके प्रश्न विचारले नव्हते. शाळेत मास्तर माझ्या बाकापर्यंत पोचेस्तोवर तास संपायचा. आणि गंमत म्हणजे मला उत्तरं येत होती. एकदा मी सरांची चूक काढली. सर म्हणाले, "कटर खाली आला." मी म्हटलं, "नाही सर, अजून वरच आहे, पुढच्या ओळीत येतो." ते काकूंना ओरडून म्हणाले, "अहो, ह्याने मला पकडलं!" काकू फरशी धुवायला बादली घेऊन उभ्या होत्या. तिसऱ्या रविवारी फरशी भरली, शेवटच्या ओळीखाली सरांनी दोन रेघा मारल्या आणि म्हणाले, "सिद्ध झालं. हे चुकूच शकत नाही."

सोमवारी दुपारपाळीत मी बटण दाबलं. कटर गेला तो थेट लोखंडावर आपटला. असा आवाज झाला की पलीकडच्या गाळ्यातले लोक धावत आले. कटर तुटला, जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, फुकट गेला. शेठ शांतपणे म्हणाले, "बॅग भर." ओरडले असते तर बरं वाटलं असतं. मी निर्मळला आलो. बॅग भरायची नव्हतीच, भरलेलीच होती. ती उचलून सरांच्या पाया पडायला गेलो आणि काय झालं ते सांगितलं. त्यांनी पायही मागे घेतले नाहीत. त्यांना बॅग दिसलीच नव्हती. "कापायला सुरुवात व्हायच्या आधी मशीन कुठल्या रीतीत होतं?" ते म्हणाले.

मशीनला माप सांगायच्या दोन रीती असतात. एक, ठरवलेल्या मूळ जागेपासून मोज. दुसरी, आत्ता उभं आहेस तिथून मोज. एकदा सांगितली की मशीन तीच रीत धरून बसतं. माझा हुकूम पहिल्या रीतीचा. सकाळपाळीवाल्याचं काम दुसऱ्या रीतीचं, आणि मशीन तसंच सोडून तो बाजूला झाला होता, हे आत्ता माझ्या लक्षात आलं आणि मी सरांना सांगितलं. आमच्या गाळ्यात तीच पद्धत: आपलं झालं की हात पुसायचे आणि निघायचं.

सरांनी कपाळावर खडूचाच हात मारून घेतला. "आधी! वीस ओळींच्या मधलं सगळं लिहिलं, आणि पहिल्या ओळीच्या आधी काय खरं असायला हवं, तेच लिहिलं नाही! चूक तुझी नाही. माझी आहे." आणि ते तसेच, लेंगा आणि बनियनवर, निघाले. काकू सदरा घेऊन फाटकापर्यंत धावल्या. रिक्षा सुरू झाल्यावर मी त्यांना तो घालायला लावला. सगळ्या वाटेत मी विनवत होतो, "नको सर, शेठ अजून चिडतील, राहू द्या, मी जातो गावाला." सर म्हणाले, "तू जाशील रे. चूक इथेच राहील ना."

गाळ्यात शिरून सरांनी शेठना हात जोडले. "ह्या मुलाची चूक नाही. मी तुमचा कटर मोडला."

शेठनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्ही कोण?"

"मी ह्याच्या पहिल्या ओळीच्या आधी असायला हवा होतो."

शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे. मग सरांनी सकाळपाळीवाल्याला, जो ओव्हरटाइमला थांबला होता, विचारलं, "भाऊ, तुम्ही मशीन सोडलंत तेव्हा काय खरं होतं?"

तो घाबरून म्हणाला, "सर, मैं सच बोलता है, मैंने मशीन एकदम चालू हालत में छोड़ा."

"ते खरंच. पण कुठल्या रीतीत?"

"वो कौन देखता है, सर?"

"हेच!" सर म्हणाले, आणि त्यांनी मशीनच्या हिरव्या पत्र्यावर, शेठच्या देखत, खडूने लिहिलं: 'तुझं नंतर, तेच त्याचं आधी.' खाली तीन ओळी: निघताना मशीन मूळ जागेवर. माप मूळ जागेपासून. कटर वर. मग म्हणाले, "एवढं खरं करून जो घरी जाईल, त्याच्यानंतर येणाऱ्याचं काही मोडणार नाही. मी गणिताने सिद्ध करून देतो. तीन रविवार लागतील."

"नको, नको," शेठ घाईघाईने म्हणाले. बराच वेळ ते त्या तीन ओळी वाचत होते. ह्या गाळ्यात कटर तुटायची ती पहिली वेळ नव्हती, आणि दर वेळी दोन्ही पाळ्या एकमेकांवर बोट दाखवत. "ए," ते मला म्हणाले, "तुला आता चढवता येईल जॉब?"

मी नवा कटर बसवला, नवा तुकडा चढवला. पहिल्या ओळीच्या वर मी एक ओळ घातली, माप मूळ जागेपासून घे, आणि बटण दाबलं. सर शेजारी डोळे मिटून उभे. जॉब उतरला तो आरशासारखा. शेठनी माप घेतलं, परत घेतलं, आणि "चहा सांगा रे" म्हणाले. आमच्या गाळ्यात याचा अर्थ माणूस राहिला असा होतो. कुठल्याही पंथाने विचारलं तरी.

आता मी तिथला सेटर आहे. खडूचं लिहिलेलं पुसायला लागलं, तसं शेठनी ते रंगाने करून घेतलं. पण बॅग मी तरीही उघडून लावली नव्हती. भीतीला काही कारण लागत नाही. अकरा महिन्यांनी करार नवा झाला, आणखी अकरा महिन्यांनी झाला, आणि प्रत्येक वेळी दहाव्या महिन्यापासून मी सरांच्या चपलांच्या आवाजाचा अर्थ लावत बसायचो.

गेल्या महिन्यात तिसऱ्यांदा कागद आले. सरांनी चष्मा लावून ते पुन्हा पहिल्यापासून वाचले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "अकरा महिने झाले की आपण परत पहिल्या ओळीवर येतो. हे संपेल कशावरून?"

हाच प्रश्न विचारून ते एव्हरशाईनच्या मीटिंगमधून उठले होते.

"संपायचं तर प्रत्येक फेरीला काहीतरी कमी व्हायला हवं," सर म्हणाले. "काय कमी होतंय, सांग."

मी विचार केला. खोली तीच. विहीर तीच. काकूंच्या आमटीची वाटी उलट मोठी झाली होती. "काही नाही, सर."

"मग?"

"मग... संपत नाही, सर."

"बरोबर." ते उठले, खिशातून खडू काढला आणि माझ्या खोलीच्या दारावर, लोक जिथे गणपती काढतात त्या जागी, चांगला हातभर उलटा टी काढला. नावडत्या गोष्टींशिवाय तो त्यांनी दुसऱ्या कशावर काढलेला मी तोवर पाहिला नव्हता. काकूंनी मागून बघितलं आणि म्हणाल्या, "दार खराब केलंत. आता ह्याला जाताच यायचं नाही." त्या दिवशी मी बॅग रिकामी केली. सगळे कपडे कपाटात बसले, तरी कपाट अर्धं उरलं. बॅग काकूंनी कांदे ठेवायला नेली.

फक्त एका बाबतीत मी सरांशी खोटं बोललो. काही कमी होत नाही, असं नाही. पहिल्या वर्षी ते चौदा ओळींना पाणी घालायचे. ह्या वर्षी नवव्या ओळीशी थांबतात, काही न बोलता पाइप माझ्या हातात देतात आणि पालथ्या बादलीवर बसतात. त्यांनी ते मोजलं असेल का, मला माहीत नाही. मी सांगणार नाही. पुढच्या पाच ओळी मी भिजवतो, भिजलेल्या डाव्या हाताला, कोरड्या उजव्या हाताला. मागून सर कसल्यातरी वाक्याचा अर्थ सांगत असतात. मी ऐकत असतो, पण मान वळवत नाही.